वाझुहच्या डॅशबोर्डचा ॲडमिन पासवर्ड कोणालाच माहीत नाही. साठलेल्या नोंदी न गमावता नवा कसा ठेवावा?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी,

इंदूरमधील एका साख सहकारी संस्थेच्या संगणक विभागाची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. मुख्य कार्यालय आणि महू व देवास येथील शाखा मिळून संस्थेच्या सर्व संगणकांवर वाझुह या सुरक्षा-देखरेख प्रणालीचा एजंट, म्हणजे नोंदी पाठवणारा छोटा प्रोग्राम, बसवलेला आहे आणि त्यांच्या नोंदी मुख्य कार्यालयातील एका सर्व्हरवर जमा होतात. इंडेक्सर (नोंदी साठवणारा), मॅनेजर (त्या तपासून सूचना काढणारा) आणि डॅशबोर्ड (त्या पडद्यावर दाखवणारा) हे तिन्ही भाग त्याच एका युबंटू मशीनवर आहेत. आवृत्ती चौथ्या मालिकेतील आहे आणि ती डॉकर या कंटेनर प्रणालीत नसून थेट मशीनवर बसवलेली आहे.

माझ्या आधी हे काम पाहणारे गृहस्थ निवृत्त झाले. कार्यभार सोपवताना त्यांनी दिलेल्या वहीत सर्व्हरचे खाते, राउटर, बॅकअपची डिस्क या सगळ्यांचे तपशील सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहेत, मात्र डॅशबोर्डच्या ॲडमिन खात्यापुढची जागा कोरी आहे. त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले, परंतु त्यांनाही तो पासवर्ड आठवत नाही. सर्व्हरवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) जाता येते आणि सुडोचे, म्हणजे रूट या सर्वोच्च खात्याचे, अधिकार आहेत, म्हणजे मशीन आमच्या ताब्यात आहे. केवळ डॅशबोर्डचे दार बंद आहे.

देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेचे म्हणणे असे की सर्व्हर पुसून वाझुह नव्याने बसवावे. मला ते पटत नाही. हिशेब तपासनीस लवकरच येणार आहेत आणि त्यांना मागील नोंदी दाखवाव्या लागतील. शिवाय सर्व शाखांतील एजंट पुन्हा जोडत बसणे हे वेगळेच काम होईल. म्हणून विचारतो: जुना पासवर्ड माहीत नसताना नवा ठेवता येतो काय, आणि ठेवल्यास एजंटांचा संपर्क तुटेल काय? इंडेक्सरच्या फोल्डरमध्ये इंटर्नल-युजर्स नावाची एक यामल (मांडणीचा मजकूर ठेवणारी) फाइल दिसते आणि तिच्यात ॲडमिनपुढे एक लांबलचक अक्षरमाला आहे. ती अक्षरमाला थेट बदलली तर काम होईल काय, हेही कृपया सांगावे.

स्नेहलतागंजकर, इंदूर

रामबागकर, सर्व्हर अजिबात पुसू नका. ज्याच्याकडे त्या मशीनचे रूट अधिकार आहेत, त्याला ॲडमिनचा पासवर्ड बदलता येतो, आणि तशी सोय वाझुह बनवणाऱ्यांनीच करून ठेवलेली आहे. साठलेल्या नोंदींना त्यामुळे धक्का लागत नाही.

आधी कोणती खाती कुठे राहतात हे स्पष्ट असलेले बरे, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. डॅशबोर्डवर आपण ज्या ॲडमिन नावाने शिरतो ते खाते डॅशबोर्डचे नसून इंडेक्सरचे आहे. इंडेक्सर म्हणजे मुळात ओपनसर्च हे शोधयंत्र, आणि ही खाती त्याच्या सिक्युरिटी प्लगइनच्या ताब्यात असतात. डॅशबोर्ड स्वतः इंडेक्सरशी बोलताना किबाना-सर्व्हर नावाचे निराळे खाते वापरतो. मॅनेजरच्या एपीआयसाठी (इतर प्रोग्राम ज्या मार्गाने त्याच्याशी बोलतात त्यासाठी) वाझुह आणि वाझुह-डब्ल्यूयूआय अशी आणखी दोन खाती असतात, जी इंडेक्सरला ठाऊकही नसतात. आणि एजंटांचा या कोणत्याच पासवर्डशी संबंध नाही. प्रत्येक एजंटाची स्वतःची किल्ली मॅनेजरच्या क्लायंट-कीज या फाइलमध्ये असते आणि तो १५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून तिच्या आधारे बोलतो. तेव्हा ॲडमिनचा पासवर्ड बदलल्याने महू-देवासचे एजंट तुटणार नाहीत, याबद्दल निश्चिंत असा.

पासवर्ड बदलण्यापूर्वी एक शोध घ्या. वाझुह जर त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलेशन असिस्टंटने बसवले असेल, तर ज्या फोल्डरमधून ती स्क्रिप्ट चालवली तिथे वाझुह-इन्स्टॉल-फाइल्स नावाचे एक टार बंडल (एकत्र बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा) तयार होते, आणि त्यात वाझुह-पासवर्ड्स ही साधी मजकूर फाइल असते. त्या वेळी तयार झालेले सगळे पासवर्ड तीत लिहिलेले असतात. बहुधा हे बंडल रूटच्या किंवा जुन्या अधिकाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये सापडते. नंतर कोणी पासवर्ड बदलला नसेल, तर तिथला ॲडमिनचा पासवर्ड आजही चालेल आणि पुढचे काही करावेच लागणार नाही.

तो चालला नाही, तर वाझुहची पासवर्ड्स-टूल ही स्क्रिप्ट वापरा. ती इंडेक्सरच्या प्लगइन फोल्डरात, ओपनसर्च-सिक्युरिटीच्या टूल्स या उपफोल्डरमध्ये आधीच असते. सुडोने चालवताना ‘यू’ पर्यायापुढे ॲडमिन लिहा आणि ‘पी’ पर्यायापुढे नवा पासवर्ड द्या. पासवर्ड ८ ते ६४ अक्षरांचा लागतो आणि त्यात एक मोठे इंग्रजी अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक व एक चिन्ह असावेच लागते. चिन्हांपैकी फक्त टिंब, तारा, अधिक, उणे आणि प्रश्नचिन्ह एवढीच चालतात. आपल्याला सवयीचे असलेले ‘ॲट’चे चिन्ह घातले तर स्क्रिप्ट नाकारते. माझा सल्ला असा की ‘पी’ हा पर्याय देऊच नये. मग स्क्रिप्ट स्वतः एक यादृच्छिक पासवर्ड तयार करून पडद्यावर दाखवते, आणि आपण टाइप केलेला पासवर्ड टर्मिनलच्या इतिहासात उघडा पडून राहण्याचा धोका टळतो.

जुना पासवर्ड न विचारता हे कसे होते, असा प्रश्न आपल्याला पडेल, म्हणून सांगतो. स्क्रिप्ट आतून सिक्युरिटी-ॲडमिन हे साधन वापरते, आणि ते साधन पासवर्डने नव्हे तर ॲडमिनच्या प्रमाणपत्राने ओळख पटवते. ते प्रमाणपत्र व त्याची खासगी किल्ली ईटीसीखालील वाझुह-इंडेक्सरच्या सर्ट्स फोल्डरमध्ये असते आणि तिथे रूटखेरीज बाहेरच्या कोणाला वाचायला मिळू नये अशी अपेक्षा असते. म्हणून इंडेक्सर सेवा चालू असतानाच ही स्क्रिप्ट चालवावी लागते. ती बंद असेल तर ९२०० पोर्टवर कोणी उत्तरच देणार नाही. सेवा चालू नसेल, तर पासवर्डाच्या मागे न लागता आधी डिस्क भरली आहे काय ते पाहा. बरीच वर्षे चाललेल्या सर्व्हरवर ते नेहमीचे दुखणे असते.

लष्करवासी, ग्वाल्हेर

वरील उत्तर बरोबर आहे, मात्र त्या यामल फाइलविषयीचा आपला प्रश्न राहून गेला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

ती फाइल केवळ संपादकात उघडून बदलली तर काहीही होत नाही. चालू असलेला इंडेक्सर खाती त्या फाइलमधून वाचत नाही. तो ती स्वतःच्याच एका लपलेल्या इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदींच्या साठ्यात, ठेवतो. फाइल हा फक्त त्या इंडेक्समध्ये भरण्याचा मसुदा आहे, आणि भरण्याचे काम सिक्युरिटी-ॲडमिन करते. आपल्याला दिसलेली लांबलचक अक्षरमाला बीक्रिप्ट पद्धतीने काढलेला हॅश, म्हणजे पासवर्डाचे एकतर्फी रूपांतर, आहे. तिच्यावरून जुना पासवर्ड उलट काढता येत नाही, आणि तिच्या जागी साधा पासवर्ड लिहिला तर तोही चालत नाही. त्यासाठी प्लगइनसोबत येणारी हॅश नावाची स्क्रिप्ट चालवून नवा हॅश काढावा लागतो.

खरा धोका पुढे आहे. महाजालावरच्या अनेक उत्तरांत सिक्युरिटी-ॲडमिनला अख्खा कॉन्फिग फोल्डर भरायला सांगणारी आज्ञा दिलेली असते. ती चालवली की डॅशबोर्डवरून नंतर तयार केलेली खाती, भूमिका आणि त्यांच्या जोडण्या, हे सगळे फाइलमधल्या जुन्या मजकुराने झाकले जाते. आपल्या आधीच्या गृहस्थांनी शाखाधिकाऱ्यांसाठी वेगळी खाती केली असतील, तर ती एका क्षणात नाहीशी होतील आणि कशामुळे झाली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून काही करण्यापूर्वी सिक्युरिटी-ॲडमिनच्या बॅकअप पर्यायाने चालू स्थितीची प्रत एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्या. पासवर्ड्स-टूल हीच काळजी स्वतः घेते: आधी चालू खात्यांची प्रत उतरवते, तिच्यात हॅश बदलते आणि फक्त अंतर्गत वापरकर्त्यांची तेवढी फाइल परत भरते. हाताने करण्यापेक्षा ती वापरा, असे मी आग्रहाने सांगतो.

दुसरी गोष्ट फाइलबीटची. मॅनेजरने तयार केलेल्या सूचना इंडेक्सरकडे वाहून नेणारा फाइलबीट हाच सर्वसाधारणपणे ॲडमिन खात्याने लॉगिन करतो आणि त्याचा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या कीस्टोअरमध्ये (गुप्त माहितीच्या पेटीत) ठेवलेला असतो. घराचे कुलूप बदलून नवी किल्ली फक्त स्वतःच्या खिशात ठेवली, तर रोज येणारी कामवाली दाराबाहेरच राहते, तसे फाइलबीटचे होते. सगळे भाग एकाच मशीनवर असतील तर पासवर्ड्स-टूल हा बदल आपण होऊन करते. भाग वेगवेगळ्या मशीनवर असतील तर मॅनेजरच्या मशीनवर जाऊन कीस्टोअर हाताने बदलावा लागतो आणि फाइलबीट पुन्हा सुरू करावा लागतो. आपली मांडणी पहिल्या प्रकारची असली, तरी तपासून पाहिल्याशिवाय उठू नका, कारण फाइलबीट अडला तर डॅशबोर्ड उघडतो, जुने आलेख दिसतात, सगळे ठीक वाटते, फक्त नव्या सूचना येणे थांबलेले असते.

तपासणे सोपे आहे. फाइलबीटला त्याच्या ‘टेस्ट आउटपुट’ या आज्ञेने विचारा. शेवटच्या ओळींत ‘टॉक टू सर्व्हर’पुढे ‘ओके’ आणि त्याखाली आवृत्ती ७.१०.२ दिसली, म्हणजे जुळले. ती आवृत्ती पाहून गोंधळू नका; ओपनसर्च हे इलॅस्टिकसर्चच्या ७.१०.२ या आवृत्तीपासूनच २०२१ मध्ये वेगळे झाले आणि जुन्या साधनांशी जुळवून घेण्यासाठी इंडेक्सर तोच आकडा सांगतो. ‘ओके’च्या जागी ४०१ हा प्रवेश नाकारल्याचा आकडा आला, तर पासवर्ड जुळलेला नाही. तसे झाले तरी घाबरण्याचे कारण नाही, मॅनेजरच्या लॉग्ज फोल्डरमधील अलर्ट्सच्या जेसन फाइलमध्ये सूचना लिहिल्या जातच असतात आणि जोडणी पूर्ववत झाली की फाइलबीट थांबला होता तिथून पुढे वाचू लागतो. मात्र ही दुरुस्ती त्याच दिवशी करा. मध्यरात्री ती फाइल बदलते आणि जुनी संकुचित करून तारखेच्या फोल्डरमध्ये टाकली जाते, मग राहिलेल्या सूचना इंडेक्सरमध्ये आणणे हे वेगळे खटाटोपाचे काम होऊन बसते.

रामबागकर, इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. टार बंडल जुन्या अधिकाऱ्यांच्या होम फोल्डरमध्ये सापडले, परंतु त्यातील पासवर्ड चालला नाही, म्हणजे तो नंतर बदलला गेला होता. त्यामुळे आधी बॅकअप घेतला, मग पासवर्ड्स-टूल केवळ ‘यू’ पर्यायासह चालवली. तिने दाखवलेल्या पासवर्डने डॅशबोर्ड उघडला. फाइलबीटची चाचणी ‘ओके’ आली, एजंट सगळे हिरवे आहेत आणि नोंदी जशाच्या तशा आहेत.

एक गोष्ट मात्र अडली. संस्थेच्या व्यवस्थापकांना रोज सकाळी मागील दिवसाच्या गंभीर सूचनांचा एक ईमेल जात असे, तो आला नाही. शोध घेतल्यावर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत, एक छोटी शेल स्क्रिप्ट सापडली. ती ९२०० पोर्टवर ॲडमिन खात्याने जाऊन प्रश्न विचारत होती, आणि जुना पासवर्ड तिच्या तिसऱ्या ओळीत उघड्या अक्षरांत लिहिलेला होता. फाइलचे अधिकार पाहिले तर सर्व्हरवरील कोणत्याही खात्याला ती वाचता येत होती. आता तिथे नवा पासवर्ड लिहावा, की दुसरा काही मार्ग आहे? आणि तपासनीसांना डॅशबोर्ड दाखवायचा असेल, तर आपल्याच ॲडमिन खात्याने उघडून द्यावा काय?

दांडियाबाजारकर, वडोदरा

रामबागकर, नवा पासवर्ड त्या स्क्रिप्टमध्ये कृपया लिहू नका. या साधनात आपल्या संपूर्ण संस्थेवरील पाळत आहे. त्याच्या ॲडमिनचा पासवर्ड मिळालेला माणूस नोंदी नुसत्या वाचत नाही, पुसूही शकतो. सकाळच्या अहवालाला वाचण्यापलीकडे काही लागत नाही. म्हणून डॅशबोर्डच्या सिक्युरिटी विभागात एक नवा अंतर्गत वापरकर्ता करा, एक नवी भूमिका करून तिला फक्त वाझुह-अलर्ट्सने सुरू होणाऱ्या इंडेक्सांवर वाचनाचा अधिकार द्या, आणि ती भूमिका त्या वापरकर्त्याला जोडा. पासवर्ड स्क्रिप्टबाहेर एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिचे अधिकार ६०० करा, म्हणजे ती फक्त तिच्या मालकालाच वाचता येईल. जुना पासवर्ड जिथे उघडा होता तिथून तो आणखी कुठे गेला असेल, याचाही विचार करा. तोच पासवर्ड राउटरला किंवा बॅकअपच्या मशीनला वापरलेला असेल तर तिथेही आजच बदला.

तपासनीसांसाठीही स्वतंत्र खाते करा, पण त्यात एक खाचखळगा आहे. इंडेक्सरच्या बाजूने केवळ वाचनाचा अधिकार दिला, तरी वाझुहचा स्वतःचा अधिकारांचा दुसरा थर असतो, आणि तिथे त्या वापरकर्त्याला रीडओन्ली ही भूमिका रोल-मॅपिंगमधून द्यावी लागते. ही जोडणी लागू होण्यासाठी डॅशबोर्डच्या वाझुह नावाच्या यामल फाइलमध्ये ‘रन-ॲज’ हे मूल्य ‘ट्रू’ असावे लागते. ते ‘फॉल्स’ असेल तर डॅशबोर्डवर कोणीही शिरले तरी मॅनेजरशी बोलताना तो वाझुह-डब्ल्यूयूआय याच खात्याचे अधिकार वापरतो, आणि ते खाते सर्वाधिकारी आहे. म्हणजे ज्याला आपण फक्त पाहण्यापुरते बसवले, त्याच्या हाती एजंट काढून टाकण्याची सत्ता राहते. खाते तयार झाल्यावर स्वतः त्या नावाने शिरून एजंटच्या गटात बदल करण्याचा प्रयत्न करून पाहा. नकार आला तरच ते खाते तपासनीसांना द्या.

आता वरच्या चर्चेत न आलेली बाब. आपल्यासारख्या संस्थेत हा बदल कोणाच्या आदेशाने झाला, याचा लेखी कागद हवा. बाहेरून पाहणाऱ्याला रूट अधिकाराने ॲडमिनचा पासवर्ड बदलणे आणि घुसखोराने तसे करणे यांत काहीच फरक दिसत नाही; मॅनेजरने पकडलेल्या सुडोच्या नोंदी दोन्ही वेळी सारख्याच असतात. व्यवस्थापकांची सही घेतलेला एक परिच्छेद, त्यावर दिनांक व वेळ, आणि कोणत्या खात्याचा पासवर्ड बदलला याचा उल्लेख, एवढे त्या कार्यभाराच्या वहीत चिकटवून ठेवा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस भारताच्या हद्दीत जपून ठेवायच्या असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, त्यामुळे तपासनीस मागील सहा महिन्यांतील काहीही विचारू शकतात. कंत्राटदाराच्या सांगण्यावरून आपण सर्व्हर पुसला असता, तर त्यांना दाखवायला काही उरले नसते.

नवा पासवर्ड ठेवायचा कुठे, याविषयी माझे मत ठाम आहे. कागदावर लिहून, पाकीट बंद करून, पाकिटावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घेऊन संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. ज्या संस्थेकडे आधीच तिजोरी आणि दोन सह्यांची शिस्त आहे, तिने त्याच शिस्तीचा उपयोग का करू नये?

स्नेहलतागंजकर, इंदूर

दांडियाबाजारकरांच्या पाकिटाला माझी पूर्ण संमती आहे, पण रोजच्या वापरासाठी तेवढे पुरणार नाही. प्रत्येक वेळी तिजोरी उघडावी लागली, तर लोक पुन्हा स्क्रिप्टमध्ये लिहू लागतील. म्हणून पाकिटाच्या जोडीला व्हॉल्टवॉर्डनसारखी एखादी पासवर्डपेटी ठेवावी, असे मी सुचवीन. मात्र दोन गोष्टी पाळा. ती पेटी वाझुहच्याच मशीनवर बसवू नका, नाहीतर मशीन गेले की पेटीही जाईल. आणि तिच्या मुख्य पासवर्डाची गोष्ट वाझुहसारखी नाही हे संस्थेला आधीच समजावून सांगा. वाझुहचा पासवर्ड केवळ दाराची ओळख पटवतो, आतला मजकूर त्याने कुलूपबंद केलेला नसतो, म्हणून रूटला तो बदलता येतो. व्हॉल्टवॉर्डनमध्ये मजकूर त्या मुख्य पासवर्डापासून काढलेल्या किल्लीनेच गुप्त केलेला असतो. तिथे पुनर्प्राप्तीची सोय आधी करून ठेवलेली नसेल तर सर्व्हरचा रूटसुद्धा काही करू शकत नाही. तेव्हा तिजोरीतल्या पाकिटात वाझुहच्या पासवर्डाच्या खाली पेटीचा मुख्य पासवर्डही लिहा, आणि सर्व्हरची डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर तिचा सांकेतिक शब्दही, कारण उद्या सुडोचे खातेही हाताशी नसेल तर मशीनसमोर बसून ग्रब या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या रिकव्हरी मोडमधून रूटचे दार उघडता येते, पण एनक्रिप्ट केलेली डिस्क त्या मार्गाने उघडत नाही.

शेवटचे काम त्या टार बंडलाचे. त्यात पासवर्डच नव्हे, तर सगळ्या प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्या आणि मूळ प्रमाणपत्राची किल्लीही असते. पुढे दुसरा सर्व्हर जोडायचा झाला तर ती लागेल, म्हणून नष्ट करू नका. परंतु निवृत्त झालेल्या माणसाच्या होम फोल्डरमध्येही ठेवू नका. बंडल एका पेन ड्राइव्हवर घ्या, तो उघडून वाचता येतो याची खात्री करा, पाकिटासोबत तिजोरीत ठेवा आणि मग सर्व्हरवरची प्रत काढून टाका. त्यानंतर त्या गृहस्थांचे सर्व्हरवरील खाते बंद करायला हरकत नाही. फक्त त्याआधी त्यांच्या नावावर आणखी एखादे क्रॉन चालू नाही ना, तेवढे पाहून घ्या.

रामबागकर, इंदूर

अहवालासाठी केवळ वाचनाचे खाते केले, आज सकाळी ईमेल वेळेवर गेला. ‘रन-ॲज’ आमच्याकडे ‘फॉल्स’ होते. ते बदलून डॅशबोर्ड पुन्हा सुरू केल्यावर तपासनीसांच्या खात्याने गट बदलू दिला नाही. पाकिटावर व्यवस्थापक आणि कोषाध्यक्ष यांच्या सह्या झाल्या आहेत. जुन्या अधिकाऱ्यांच्या नावावर आणखी एक क्रॉन निघाले: रात्री इंडेक्सरच्या स्नॅपशॉटचा बॅकअप घेणारे, आणि तेही ॲडमिनच्याच पासवर्डाने. पासवर्ड बदलल्यापासून ते अपयशी ठरत होते. त्यासाठीही स्नॅपशॉटपुरते अधिकार असलेले वेगळे खाते आज करत आहे.